खेळण्यांवरील चिन्हे व त्यांचे अर्थ : मुंबई उपनगरांच्या निमित्ताने एक विचार

खेळण्याला क्षुल्लक वस्तू समजण्याची आपली सवय जुनी आहे. ठकी, भातुकली, सावंतवाडीची लाकडी फळे यांचा उल्लेख लोकजीवनाच्या वर्णनात येतो. परंतु इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः एका समाजाने दुसऱ्या समाजाविषयी करून घेतलेली कल्पना जितक्या उघडपणे बाहुलीत उतरते, तितकी ती ग्रंथांत किंवा दप्तरांत उतरत नाही. बाहुली ही व्यक्तीची प्रतिमा नसते. ती नमुन्याची प्रतिमा असते. नमुना कोणी ठरविला, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

दिवाळीच्या सुमारास मुलुंड किंवा बोरिवलीच्या बाजारातून हिंडणाऱ्यास मातीच्या किल्ल्यांवर मांडावयाची ‘चित्रे’ पाहावयास मिळतात : सिंहासनावरील शिवाजी महाराज, मावळे, गवळण, वासुदेव. त्याच उपनगरांतील मोठ्या दुकानांत परदेशी बनावटीची, संग्रहासाठीच काढलेली खेळणी बंद खोक्यांतून विकली जातात. पहिल्या प्रकारातील नमुने आपण ओळखतो, कारण ते आपल्याच स्मृतीतून आलेले असतात. दुसऱ्या प्रकारातील नमुने कोणाच्या स्मृतीतून आले, हे विकणाऱ्यास माहीत नसते आणि घेणाऱ्यासही माहीत नसते. अशा खेळण्यांपैकी काहींवर जगात आक्षेप घेतले गेले. हे सर्व आक्षेप एकाच स्वरूपाचे नाहीत, आणि त्यांत भेद न केल्यास न्याय होत नाही, एवढेच प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

१

पहिला प्रकार एकाच चिन्हाला दोन इतिहास लाभल्याचा होय. पोकेमॉन या जपानी खेळाच्या पत्त्यांपैकी ‘कोगा’ नामक निन्जाच्या एका पत्त्यावर ‘मांजी’ हे चिन्ह छापलेले होते. जपानमध्ये हे चिन्ह बौद्ध मंदिराची खूण म्हणून नकाशांवरही वापरले जाते. परंतु १९९९ च्या अखेरीस जपानी पत्ते अमेरिकेतील मुलांच्या हाती पडले, तेव्हा ज्यू पालकांना त्यात नात्सी स्वस्तिक दिसले. ज्यूंच्या बदनामीविरुद्ध कार्य करणाऱ्या संस्थेने तक्रार केल्यावर तो पत्ता मागे घेण्याचे कंपनीने जाहीर केले. पुढे अमेरिकन आवृत्तीत चित्र बदलण्यात आले.

येथे दोष कोणाचा? चित्रकाराचा हेतू दुष्ट नव्हता. पालकांची वेदनाही खोटी नव्हती. चिन्हाच्या दिशेवरून निवाडा करू पाहणारे सांगतात की, मांजी बहुधा वामावर्त असते आणि नात्सी चिन्ह दक्षिणावर्त. हा युक्तिवाद आपणास उपयोगी नाही, कारण आपल्या उंबरठ्यावरचे स्वस्तिकही दक्षिणावर्तच असते. घाटकोपर व मुलुंड येथे जैनांची मोठी वस्ती आहे. सातव्या तीर्थंकराचे, सुपार्श्वनाथाचे, लांछनच स्वस्तिक आहे. नात्सी पक्षाने हे चिन्ह १९२० मध्ये स्वीकारले आणि १९३५ मध्ये ते जर्मनीच्या राष्ट्रध्वजावर आले. हजारो वर्षांच्या मंगल अर्थाशेजारी पंचवीस वर्षांचा अमंगल अर्थ उभा राहिला, आणि काळाच्या तुलनेने तो अल्प असला तरी त्याची स्मृती अल्प नाही.

हा प्रश्न परक्यांचा आहे, असेही आपणास म्हणता येत नाही. मुलुंडच्या पुढच्याच स्थानकावर, ठाण्यास, १८७९ साली उभारलेले शाआर हाशामाईम हे सिनेगॉग आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी बोलतो. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव त्याला मिळाले. पेणकर, दिवेकर, नागावकर अशी त्याची आडनावे आहेत. या समाजाने शेजाऱ्याच्या दारावरचे स्वस्तिक पिढ्यान् पिढ्या पाहिले, आणि त्यावरून येथे कलह झाला नाही. हिटलरच्या राजवटीमुळे मुंबईस आलेल्या रूडी फॉन लायडेन, वॉल्टर लँगहॅमर प्रभृती कलाभिज्ञांनाही हे चिन्ह या शहरात पावलोपावली दिसलेच असेल. उलट २००६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे हिटलरचे नाव व नात्सी स्वस्तिक मिरवणारे एक उपाहारगृह निघाले, तेव्हा ज्यू समाजाने तीव्र हरकत घेतली आणि ते नाव बदलावे लागले. चिन्ह दोन्हीकडे एकच. परंतु दारावरचे स्वस्तिक स्वतःचा इतिहास सांगत होते, तर उपाहारगृहावरचे दुसऱ्याच्या संहाराचा इतिहास शोभेसाठी उसना घेत होते. हा फरक आपल्या ज्यू शेजाऱ्यांनी अचूक जाणला.

२

दुसरा प्रकार याहून निराळा आहे. येथे अवमान योगायोगाने चिकटलेला नसतो. आकृतीच अवमानातून घडलेली असते. फ्लॉरेन्स अप्टन हिने १८९५ मध्ये एका बालपुस्तकात ‘गॉलिवॉग’ हे पात्र आणले. काळाभोर चेहरा, वटारलेले डोळे, जाड लाल ओठ हे त्याचे रूप, चेहऱ्याला काजळ फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळांवरून आलेले होते. रॉबर्टसन या मुरंबेवाल्या कंपनीने १९१० पासून ते आपले बोधचिन्ह केले. त्याची मिन्याची पदके मुले व प्रौढ हौसेने जमवीत. २००१ मध्ये कंपनीने ते सोडून दिले. एनिड ब्लायटनच्या नॉडीकथांमधूनही हे पात्र वावरत होते. १९५१ च्या एका पुस्तकात तर गॉलिवॉगच नॉडीची मोटार चोरतात. १९८० च्या दशकात त्यांच्या जागी दुसरी पात्रे घातली गेली. मुंबईतील इंग्रजी शाळांत वाढलेल्या कित्येक पिढ्यांनी ब्लायटन वाचली आहे. म्हणजे हा नमुना आपल्याही घरात येऊन गेलेला आहे.

पोकेमॉनमधील ‘जिंक्स’ या पात्राचा काळा चेहरा व जाड ओठ यांवर २००० च्या सुमारास आफ्रिकन-अमेरिकन लेखिका कॅरोल बॉस्टन वेदरफोर्ड हिने याच कारणासाठी बोट ठेवले, आणि पुढे त्याचा रंग जांभळा करण्यात आला. ‘करणाऱ्याचा हेतू तसा नव्हता’ हा बचाव अशा ठिकाणी अपुरा पडतो. हेतू कारागिराचा असतो. आकृतीला मात्र स्वतःची वंशावळ असते.

३

तिसरा प्रकार आपल्या अंगणातील आहे, म्हणून त्याचा विचार अधिक सावधपणे करावयास हवा. लखनौ, कृष्णनगर व पुणे येथील कारागीर एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लहान मृण्मूर्ती करीत, आणि साहेबलोक त्या संग्रहासाठी घेत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही (स्थापनेच्या वेळचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट; लोकांसाठी खुले १८७२, नामांतर १९७५) अशा मूर्ती आहेत. त्यांचे कौशल्य निःसंशय आहे. परंतु हाच काळ ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या छायाचित्रसंग्रहाचा (१८६८-७५) होता. माणसाला जातीचा नमुना म्हणून कपाटात मांडण्याची तीच दृष्टी पुढे एन्थोवेनच्या ‘ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथातही (१९२०-२२) दिसते. मूर्तीच्या हाती दिलेले अवजार त्या जातीचे कायमचे प्राक्तन म्हणून दाखविले जात होते. गॉलिवॉगची निंदा करणाऱ्या आपणास ही मूर्ती केवळ ‘कलाकृती’ का वाटते, हा प्रश्न टाळता येणार नाही. त्या मूर्ती फोडाव्यात असा याचा अर्थ नव्हे. त्या कोणी, कोणासाठी घडविल्या हे त्यांच्याजवळ लिहिले जावे, एवढाच आहे.

४

सर्वच आक्षेपांना इतिहासाचा आधार असतो असेही नाही. कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये निर्मिलेली ‘लबूबू’ ही बाहुली २०२५ मध्ये मुंबईतही लोकप्रिय झाली. मेसोपोटेमियातील पाझुझू या पिशाच्चाचेच ते रूप आहे, अशी वदंता त्याच वर्षी पसरली. निर्मात्याची प्रेरणा उत्तर युरोपातील लोककथांची होती. दात दिसतात म्हणून दैत्य, एवढ्या साम्यावर वंशावळ सिद्ध होत नाही. खरी वेदना आणि कल्पित भीती यांना एकाच मापाने मोजल्यास अन्याय खऱ्या वेदनेवर होतो.

या विवेचनावरून असे दिसते की, पहिल्या प्रकारास परस्परांचा इतिहास समजावून देणे हा उपाय आहे. दुसऱ्यास आकृती सोडून देणे. तिसऱ्यास तिचा इतिहास उघडपणे मांडणे. आणि चौथ्यास केवळ पुरावा मागणे. शासनाच्या खेळणी गुणवत्ता आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानकाची खूण सक्तीची झाली. त्यात टोकदार कडा, ज्वलनशीलता, विषारी द्रव्ये यांची परीक्षा होते. आकृतीच्या अर्थाची परीक्षा कोणत्याही प्रयोगशाळेत होऊ शकत नाही, आणि ती शासनाकडे सोपविणे इष्टही नाही. ते काम इतिहासाच्या अभ्यासकाचे आहे. घाटकोपरच्या एखाद्या मुलाने जमविलेल्या पत्त्यांच्या चळतीकडे तो दफ्तरखान्यातील कागदाइतक्याच गांभीर्याने पाहू लागला, तर ते काम सुरू झाले असे म्हणता येईल.