संत गोन्सालो गार्सिया : भरभराटीच्या काळातील निष्ठा

संत गोन्सालो गार्सिया हे वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन धर्मबंधू आणि जपानमधील सव्वीस रक्तसाक्षींपैकी एक होत. नागासाकी येथील निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्यांना क्रुसावर ठार मारण्यात आले. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली त्यांना 'धन्य' घोषित केले आणि पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेल्या व्यक्तीस संतपद मिळाल्याची ही पहिलीच घटना होय. वैश्विक ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीस संत पॉल मिकी यांच्यासमवेत या सर्व रक्तसाक्षींचे स्मरण करते.

संत गोन्सालो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रूस आणि भाले उभे राहतात. प्रवचनांतूनही बहुधा तेवढाच प्रसंग सांगितला जातो. आमच्या मते त्यांच्या निष्ठेची खरी कसोटी त्याआधी कित्येक वर्षे, कोणाच्याही नजरेत न भरता लागलेली होती.

त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत त्यांचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच ते त्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले व जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा मात्र पूर्ण झाली नाही. ज्या संघासाठी तारुण्य वेचले त्याचेच दार बंद राहिले, हे दुःख लहान नव्हे. अशा वेळी कित्येकजण देवावरच रुसतात.

गोन्सालो व्यापाराकडे वळले. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती. व्यापारात त्यांचा जम बसला आणि चांगली भरभराट झाली. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रामाणिक व्यापार हे पाप नव्हे, आणि कोणी त्यांना श्रद्धा सोडण्यास सांगितलेही नव्हते. मोह होता तो एवढाच, की आहे ते बरे आहे. आज आखातात वा बोटीवर नोकरी करणारा, किंवा वाडीची जमीन विकून हाती अचानक पैसा आलेला आपला बांधव याच प्रकारच्या मोहाला सामोरा जातो. त्याला धर्म नाकारावा लागत नाही. मिस्सा, कुटुंबप्रार्थना, शेजाऱ्याची विचारपूस हळूहळू मागे पडते. दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हा प्रभू येशूचा इशारा आमच्या समजुतीप्रमाणे अशा सुस्थितीतील माणसालाच अधिक लागू पडतो.

वयाच्या तिशीत गोन्सालो यांनी जम बसलेला व्यापार सोडला आणि मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून प्रवेश घेतला. एका संघाने न स्वीकारलेला मनुष्य दुसऱ्या संघात गेला, तोही सर्वांत साध्या जागेवर. १५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे पाठवले, तेव्हा दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो यांची निवड झाली. धर्मशिक्षक व व्यापारी म्हणून जपानमध्ये काढलेली वर्षे अशी कामी आली. परमेश्वराची सत्ता माणसाच्या अपयशालाही कामाला लावते, असे आम्हांस या प्रसंगी वाटते.

हिदेयोशींनी १५८७ सालीच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. १५९६ च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. मिशनऱ्यांमागून स्पेनचे सैन्य येते, असे त्या जहाजावरील सुकाणूधर बोलल्याचे सांगितले जाते. इतिहासकारांत याविषयी वाद आहे. धरपकड मात्र झाली. याच जहाजावर मेक्सिकोचे फिलिप हे फ्रान्सिस्कन बंधू गुरुदीक्षेसाठी मायदेशी निघाले होते. तेही पकडले गेले. त्यांनीही पूर्वी एकदा मठ सोडून मनिलात व्यापार केला होता.

क्योतो येथे चोवीस बंदिवानांच्या कानाचा भाग कापण्यात आला आणि भर हिवाळ्यात, जवळजवळ महिनाभर, त्यांची नागासाकीपर्यंत धिंड काढण्यात आली. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे त्यांत सामील करण्यात आले. सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. बारा वर्षांच्या लुईस इबाराकीला श्रद्धा सोडल्यास जीवदान देऊ केले होते. त्याने ते नाकारले.

पुढे १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू उरले नाहीत, मिस्सा थांबली. सव्वीस रक्तसाक्षींच्या नावे नागासाकीत ओउरा येथे निशिझाकाच्या दिशेने तोंड करून चर्च उभारले गेले, तेव्हा संत गोन्सालो यांना जाऊन अडीचशेहून अधिक वर्षे लोटली होती. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी त्या चर्चच्या दारी आले. आपली श्रद्धा तीच आहे, असे त्यांनी फादर पेतिजाँ यांना हलक्या आवाजात सांगितले आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, अशी विचारणा केली.