१९८५ सालच्या चार नेमणुका

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलचा इतिहास मुख्य प्रशिक्षकांच्या नावांनी सांगायची रीत पडली आहे. टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट, १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदं. कनेटिकटचे जीनो ऑरिएमा, २०२५ पर्यंत बारा विजेतेपदं. अशी यादी सुरू होते आणि त्यांच्या गाजलेल्या खेळाडूंपाशी संपते. या दोघांच्या शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षं बसलेल्या स्त्रिया या हकिकतीत आल्याच तर तळटीप म्हणून येतात. त्यांच्या कारकिर्दीबद्दल एकच प्रश्न विचारला जातो : पुढे ती मुख्य प्रशिक्षक झाली का? हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. साहाय्यक प्रशिक्षकाचं काम म्हणजे वरच्या पदासाठीची उमेदवारी, असं एकदा धरून चाललं की त्या कामाने खेळाला काय दिलं ते दिसेनासं होतं. महिला बास्केटबॉलचा आजचा डोलारा ज्या काळात उभा राहिला, त्या काळात खेळाडू हुडकण्याचं आणि घडवण्याचं बरंचसं काम याच खुर्चीवरून झालं. याचा पुरावा हवा असेल तर १९८५ हे साल नीट पाहावं.

त्याच्या थोडं आधीपर्यंत ही खुर्ची जवळपास नव्हतीच. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉल सुरू केला आणि काही महिन्यांतच जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवला. बेरेन्सन शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका. त्यांनी मैदानाचे तीन भाग पाडले. जिला जो भाग नेमून दिला तिने तो सोडायचा नाही, चेंडू हिसकावून घ्यायचा नाही. मुलींनी खेळायचं ते व्यायामापुरतं, चढाओढ करायची नाही, ही समजूत पुढे कितीतरी दशकं टिकली. ती टिकली तोवर प्रशिक्षक म्हणजे आपले तास सांभाळून संघाकडे बघणारी शिक्षिका. पाच जणींनी पूर्ण मैदानभर खेळायचा खेळ कॉलेजच्या मुलींच्या वाट्याला आला तो १९७१ साली. पुढच्या वर्षी, २३ जून १९७२ रोजी, ‘टायटल नाइन’चा कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करायला बंदी झाली. पण कायद्यामागोमाग पैसा आला असं झालं नाही. १९७४ साली टेनेसीने पॅट समिट यांच्याकडे संघ सोपवला तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. पगार महिना २५० डॉलर. संघाची गाडी त्याच चालवत आणि खेळाडूंचे कपडेही त्याच धूत. मुख्य प्रशिक्षकाचीच ही अवस्था, तिथे हाताखाली पगारी साहाय्यक कुठून असणार?

चित्र पालटलं ते १९८२ मध्ये. तोवर मुलींच्या कॉलेज स्पर्धा एआयएडब्ल्यू ही स्त्रियांनीच चालवलेली संघटना भरवत असे. शाळकरी खेळाडूंच्या घरी खेटे घालून त्यांची मनधरणी करणं या संघटनेला पसंत नव्हतं. पुरुषांच्या खेळात त्या धावपळीतून किती गैरप्रकार माजले होते ते तिच्या चालकांना दिसत होतं. १९८२ साली पुरुषांच्या खेळांवर बलाढ्य झालेल्या एनसीएएने महिलांची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. त्या वर्षी एकीकडे लुइझियाना टेक आणि दुसरीकडे रटगर्स असे दोन राष्ट्रीय विजेते झाले, आणि लवकरच एआयएडब्ल्यू बंद पडली. एनसीएएबरोबर तिची रीतही आली. आता चांगली खेळाडू देशाच्या दुसऱ्या टोकाला असली तरी तिच्यापर्यंत कुणीतरी पोचायला हवं होतं, आणि मुख्य प्रशिक्षक एकटी किती फिरणार? इथे साहाय्यकाचा खरा धंदा सुरू झाला. उन्हाळाभर शाळकरी मुलींच्या स्पर्धांतून हिंडायचं, आईवडिलांशी बोलायचं, पत्रं लिहायची, फोन करायचे. हंगाम सुरू झाला की प्रतिस्पर्धी संघ साहाय्यकांमध्ये वाटून दिले जातात. ज्याच्या वाट्याला जो संघ येईल त्याने त्याचे आधीचे सामने फिल्मवर पुन्हापुन्हा बघायचे. त्यांची गार्ड अडचणीत आली की कोणत्या हाताला वळते, बाजूरेषेवरून चेंडू आत टाकताना पहिला पास कुणाला जातो, उंच खेळाडू कोणत्या खांद्यावरून वळते, हे टिपून ठेवायचं. मग आपल्याच राखीव खेळाडूंना त्या संघासारखं खेळायला लावून मुख्य पाच जणींची तयारी करून घ्यायची. सामना जिंकला की यातलं काहीच प्रेक्षकांना दिसत नाही.

१९८५ साली चौघी जणी या कामावर रुजू झाल्या. टेनेसीला समिट यांनी मिकी डीमॉस आणि आपली जुनी खेळाडू हॉली वॉर्लिक यांना घेतलं. डीमॉस फ्लोरिडाच्या मुख्य प्रशिक्षक राहून आल्या होत्या. कनेटिकटला ऑरिएमांबरोबर क्रिस डेली आल्या. १९८२ च्या विजेत्या रटगर्स संघात त्या खेळल्या होत्या. लुइझियाना टेकला लिऑन बारमोर यांच्याकडे किम मल्की आल्या, १९८४ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकानंतर लगेच. पुढे काय घडलं? समिट यांचा संघ त्याआधी अनेकदा शेवटच्या चार संघांत पोचला होता, विजेतेपद मात्र हुलकावणी देत होतं. ते १९८७ मध्ये मिळालं. डीमॉस यांच्या पहिल्या १८ हंगामांत टेनेसीने सहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं, आणि खेळाडू हेरून आणण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं हे त्यांचे प्रतिस्पर्धीही मानत. कनेटिकटचा पहिला हंगाम १२ विजय आणि १५ पराभवांचा. दहा वर्षांनी, १९९५ मध्ये, तोच संघ ३५ सामन्यांत एकदाही न हरता विजेता ठरला. लुइझियाना टेकने १९८८ चं विजेतेपद घेतलं. आधी हे घडलं आणि मग ते घडलं, एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. समिट आणि ऑरिएमा कुणाच्याही साथीने मोठेच झाले असते, असं म्हणणाऱ्याला खोटं पाडता येणार नाही. पण स्वतः ऑरिएमा व्हर्जिनिया विद्यापीठात डेबी रायन यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून तयार झाले होते, आणि त्यांनी डेली यांना आजतागायत आपल्यापासून दूर होऊ दिलेलं नाही. २०१८ साली डेली आणि डीमॉस या दोघींना एकाच वेळी महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. कारकिर्दीचा मोठा भाग साहाय्यक म्हणून घालवलेल्यांचा हा सन्मान मला फार उशिरा झालेला वाटतो.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. आयुष्यभर दुय्यम पदावर राहिलेल्या स्त्रीचं कौतुक करणं म्हणजे तिला वर येऊ न देणाऱ्या व्यवस्थेला गोड रूप देणं, असं कुणी म्हणेल. आकडे या आक्षेपाच्या बाजूने आहेत. ब्रुकलिन कॉलेजच्या व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर यांनी सत्तरच्या दशकापासून सातत्याने केलेल्या पाहणीनुसार, ‘टायटल नाइन’चा कायदा झाला तेव्हा कॉलेजांतल्या महिला संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांच्या मुख्य प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ मध्ये हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आलं. पैसा आला तसे पुरुष आले. वरच्या चौघींपैकी दोघी पुरुषांच्याच हाताखाली होत्या. मल्की पंधरा वर्षं टेकला राहिल्या, आणि २००० साली मुख्य पदाची वेळ आली तेव्हा विद्यापीठ तीन वर्षांच्या कराराच्या पुढे जाईना. त्यांना पाच वर्षांचा हवा होता. त्या बेलरला गेल्या आणि २००५, २०१२, २०१९ असं तीनदा तिथे विजेतेपद आणलं. साहाय्यकाच्या श्रमाची किंमत पाडण्यात एनसीएएही मागे राहिली नाही : फुटबॉल सोडून पहिल्या श्रेणीच्या खेळांत प्रत्येक संघाच्या एका साहाय्यकाचा पगार वर्षाला १६,००० डॉलरवर बांधून टाकणारा नियम तिने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला केला. प्रशिक्षक कोर्टात गेले, नियम बेकायदा ठरला आणि १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. अन्याय होता आणि आहे. पण तो पगारात आहे, करारात आहे, नेमणुकीत आहे. मल्की यांना हवा तो करार नाकारणं चूक होतं, म्हणून त्यांनी आधीची पंधरा वर्षं वाया घालवली असं होत नाही. उलट खेळाडू, साहाय्यक आणि मुख्य प्रशिक्षक अशा तिन्ही नात्यांनी विजेतेपद मिळवणारी या खेळातली पहिली व्यक्ती त्यांच्यातून तयार झाली. जे पद कमी पगाराचं ते कमी कसबाचं, हे मानणं हाच तर त्या व्यवस्थेचा हिशेब आहे.

साहाय्यक न होताही मोठं प्रशिक्षक होता येतं, हा दुसरा आक्षेप डॉन स्टेली यांच्या नावाने घेतला जातो. कुठेही साहाय्यक न राहता त्या २००० साली थेट टेंपलच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि पुढे साउथ कॅरोलायनाला २०१७, २०२२ आणि २०२४ ची विजेतेपदं मिळवून दिली. पण टेंपलला असतानाच, २००२ मध्ये, त्यांनी लिसा बॉयर यांना बोलावून घेतलं, आणि त्या आजही स्टेलींसोबत आहेत. बॉयर ब्रॅडली विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक राहिल्या होत्या, क्लीव्हलँडच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाबरोबरही त्यांनी काम केलं होतं. ज्या शिक्षणाची पायरी स्टेली यांनी गाळली, तेच त्यांनी शेजारी आणून बसवलं. मग वॉर्लिक यांचं काय? २७ हंगाम साहाय्यक, २०१२ मध्ये समिट यांच्या आजारपणानंतर मुख्य प्रशिक्षक, आणि २०१९ मध्ये पदावरून दूर. साहाय्यकपण ही मोठ्या पदाची हमखास तयारी नाही, हे यातून दिसतंच. ती दोन वेगळी कामं आहेत. डीमॉस यांनी हे प्रत्यक्ष करून दाखवलं : २००३ मध्ये त्या केंटकीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, संघ उभा केला, चार वर्षांनी पद सोडलं आणि आपणहून साहाय्यक म्हणून आधी टेक्सासला, मग पुन्हा समिट यांच्याकडे गेल्या. मुख्य पद हाच कारकिर्दीचा शेंडा मानणाऱ्याला ही घसरण वाटेल. मला ते आपल्या कामाची पुरती ओळख असलेल्या माणसाचं पाऊल वाटतं.

या कामात ज्ञान कसं साठत जातं ते बघायला आयोवाच्या जॅन जेन्सन यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. आयोवा राज्यातल्या शाळांत सहा-सहा जणींचा जुना खेळ १९९३ पर्यंत चालू होता : तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात, मधली रेघ ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. जेन्सन यांची आजी याच खेळात १९२१ साली राज्यविजेत्या संघात होती. जेन्सन यांनी स्वतः १९८७ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ६६ गुण केले. ड्रेक विद्यापीठात खेळल्यानंतर त्या तिथेच लिसा ब्लूडर यांच्या साहाय्यक झाल्या, आणि २००० मध्ये दोघी मिळून आयोवा विद्यापीठात आल्या. जेन्सन यांच्याकडे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच मुलींची जबाबदारी होती. हे शिक्षण फार कंटाळवाणं असतं. मायकन ड्रिलच घ्या : बास्केटखाली उभं राहायचं, उजवीकडून शॉट, जाळीतून पडणारा चेंडू जमिनीला लागण्याआधी झेलायचा, एक पाऊल डावीकडे, डावीकडून शॉट, आणि सगळा वेळ चेंडू हनुवटीच्या खाली येऊ द्यायचा नाही. हे रोज, चार वर्षं. विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावातून आलेल्या मेगन गुस्टाफसन यांनी २०१८-१९ च्या हंगामात १,००१ गुण केले आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूचा नायस्मिथ पुरस्कार मिळवला, त्यामागे असा पायांचा अभ्यास होता. दोनच ड्रिबलची मुभा असलेल्या खेळात वाढलेल्या जेन्सन यांना पावलांची आणि चेंडू झेलण्याच्या जागेची किंमत इतरांहून जास्त कळली असणार, असा माझा तर्क आहे. गुस्टाफसन यांच्या त्या हंगामात आयोवाला अडवलं ते मल्की यांच्या बेलरने, आणि २०२३ च्या अंतिम सामन्यात १०२-८५ असं हरवलं ते, मल्की तोवर जिथे गेल्या होत्या, त्या लुइझियाना स्टेटने. १३ मे २०२४ रोजी ब्लूडर निवृत्त झाल्या आणि त्याच दिवशी जेन्सन मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्यांची कारकीर्द त्या दिवशी सुरू झाली असं जो लिहील, त्याने आधीची तीन दशकं पाहिलीच नाहीत म्हणायचं.

एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये बास्केटबॉल संघांना आणखी दोन साहाय्यक ठेवायची परवानगी दिली. जुलैपासून ती लागूही झाली. चांगला निर्णय, फक्त त्याला एक अट जोडली होती : हे दोघे सराव घेतील, पण खेळाडू हेरायला विद्यापीठाबाहेर जाणार नाहीत. खर्च आवरायला ही अट सोयीची आहे. पण शाळेच्या मैदानावर सोळा वर्षांच्या मुलीत चार वर्षांनंतरची खेळाडू बघता येणं आणि मग तिच्याकडून रोज तेच पाऊल गिरवून घेणं, ही दोन कामं १९८५ पासून या पदावर एकत्रच शिकली गेली आहेत. आपण जिला निवडलं तिच्यात कुठे चुकलो आणि कुठे बरोबर ठरलो, हे तिला घडवतानाच कळतं. नव्याने येणाऱ्या साहाय्यकांना यातलं अर्धंच काम द्यायला काही कारण नाही, आणि ती अट काढून टाकायला हवी.