पॉम्पेईचे शेजारी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, इटलीच्या ट्रिपवर काहीतरी लिहा ना," असा समितीतल्या मुलांचा आग्रह झाला. रोम आणि व्हेनिसवर पुष्कळांनी लिहिलंय. मी लिहितोय ते नेपल्सजवळच्या पॉम्पेईबद्दल. पंचवीस वर्षं एका आवारात राहिलेल्या आपल्यासारख्यांना तिथे ओळखीचं बरंच काही सापडतं.

नेपल्सहून पॉम्पेईला लोकल जाते. गर्दी अशी की आम्हा दोघांना हार्बर लाइनची आठवण झाली. डाव्या हाताला व्हेसुव्हियस पर्वत सारखा सोबत असतो. हिरवागार आणि शांत. इ. स. ७९ मध्येही तो असाच दिसत होता. उतारावर द्राक्षमळे होते आणि हा डोंगर आपला घात करील असं पायथ्याच्या लोकांच्या मनातही नव्हतं.

दुपारी डोंगराच्या माथ्यावर छत्रीच्या आकाराचा प्रचंड ढग उठला. खाडीपलीकडच्या मिसेनमहून सतरा वर्षांच्या प्लिनीने तो पाहिला आणि पुढे इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रांत सगळी हकिगत लिहिली. त्याचे मामा नौदलाचे प्रमुख होते. ते जहाजं घेऊन लोकांना वाचवायला निघाले आणि स्टाबिए इथल्या किनाऱ्यावर मरण पावले. इकडे पॉम्पेईवर संध्याकाळ आणि रात्रभर हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस पडत राहिला. त्यांच्या भाराने छपरं कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू आणि राखेचे लोट आले आणि जे शहरात उरले होते ते जागीच गेले.

पूर्वी ही तारीख २४ ऑगस्ट मानत. पण २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरशी जुळणारी तारीख सापडली. कोळशाचं लिखाण फार दिवस टिकत नाही, म्हणून आता अनेक अभ्यासक ही घटना शरद ऋतूतली मानतात. कुणीतरी सहज भिंतीवर खरडलेली एक ओळ, आणि तिने इतिहासाची पुस्तकं बदलायला लावली!

१७४८ पासून इथे खोदकाम चालू आहे. साधारण ६६ हेक्टरच्या शहरापैकी एक तृतीयांश भाग अजून जमिनीखालीच आहे. जेवढं बाहेर आलंय तेवढं पाहतानाच आमचे पाय बोलायला लागले. दगडी रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिसतात. रस्त्यातल्या पाण्या-चिखलात पाय न बुडवता पलीकडे जाता यावं म्हणून मध्ये उंच दगड बसवलेत, दोन दगडांमधून चाक जाईल एवढं अंतर ठेवून. नाक्यानाक्यावर दगडी कुंड आहेत. पाणी पिताना लोक ज्या कडेवर हात टेकायचे, तिथे दगड झिजलाय. सौ. ने तिथेच हात टेकून पाहिला, बरोबर बसला!

पाण्याची व्यवस्था पाहून तर मी थक्क झालो. शहराच्या उंच टोकाला, व्हेसुव्हियस दरवाजाजवळ, पाणी वाटून देणारी इमारत आहे. तिथून पाणी तीन वाटांनी निघे. पुढे चौकाचौकात उंच मनोरे, त्यावर टाक्या आणि तिथून शिशाचे पाइप. उतारामुळे दाब वाढून पाइप फुटू नयेत म्हणून ही मधली टाकी. आपल्या गच्चीवरच्या टाकीचा वाद ज्यांना आठवतो त्यांनी हे मनोरे जरूर पाहावेत.

भिंती तर नोटीस बोर्डच होत्या. निवडणुकीचे अडीच हजारांहून जास्त रंगवलेले प्रचारमजकूर सापडलेत. एका उमेदवाराला तर रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्यांचा पाठिंबा असल्याचं लिहिलंय. ही विरोधकांची खोडी असणार. ज्युलिया फेलिक्स नावाच्या बाईने आपल्या वास्तूतलं स्नानगृह, दुकानं आणि वरचे मजले पाच वर्षांच्या कराराने भाड्याने देण्याची जाहिरात लिहून घेतली होती. शेजारच्या हर्क्युलेनियम गावात, घाण टाकणाऱ्याला दंड होईल अशी अधिकाऱ्याची सूचना आहे. आपल्या जिन्यातली "येथे थुंकू नये" ही पाटी दोन हजार वर्षं जुन्या परंपरेतली आहे म्हणायची!

पण एक गोष्ट मनाला लागली. इ. स. ६२ मध्ये इथे मोठा भूकंप झाला होता. एका सावकाराच्या घरातल्या कोरीव पट्टीवर कलंडलेलं देऊळ दाखवलंय, तो याच भूकंपाचा. सतरा वर्षांनंतरही दुरुस्त्या चालूच होत्या. एका घरात रंगाऱ्यांनी भिंत अर्धी रंगवली होती, रंगाची भांडी तशीच राहिली. त्या लोकांना दोष देता येत नाही, भूकंप आणि हा डोंगर यांचा संबंध त्यांना कोण सांगणार होतं? आपल्याला मात्र सांगणारे आहेत. तरी स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघाला की "पुढच्या मीटिंगला पाहू" असं आपण म्हणतो. मी स्वतः दोनदा म्हटलंय, म्हणून लिहितोय.

शहराच्या एका टोकाला एक बाग आहे. पळता पळता तिथे गाठले गेलेले तेरा जण अजून तिथेच आहेत. घट्ट झालेल्या राखेत शरीरांच्या जागी पोकळ्या राहिल्या होत्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली, आणि मेलेल्या माणसांचे आकार उभे राहिले. त्या काचेसमोर आमच्या ग्रुपमधलं कुणीही बोललं नाही.

अशाच ठशांत एक प्रसिद्ध जोडी आहे. हातात सोन्याचं कडं घातलेली व्यक्ती आणि तिच्या मांडीवर मूल. वर्षानुवर्षं सगळ्यांनी तिला आई म्हटलं. २०२४ मध्ये डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले. ती व्यक्ती पुरुष निघाली, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. जगाचा शेवट समोर दिसत असताना ज्याने ते मूल जवळ घेतलं, तो त्याचा बाप नव्हता. आपल्याकडे पुराच्या वेळी तळमजल्यावरची मुलं तिसऱ्या मजल्यावर कुणाकुणाच्या घरात झोपली होती, ते आठवलं.

शेवटी एक आपल्या मातीतली गोष्ट. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची, जेमतेम वीतभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ती ओळखली जाते आणि नेपल्सच्या संग्रहालयात आहे. १९७३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खनन झालं, तिथेही तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती मिळाली. त्यावरून ही लक्ष्मी भोकरदनच्या कारागिरांची असावी असं काही विद्वानांनी मांडलं. काही जण तिच्यावरच्या खरोष्ठी अक्षरामुळे वायव्य भारताकडे बोट दाखवतात. काही असो, सातवाहनांच्या काळात पैठण आणि तेरचा माल भडोचमार्गे रोमन जगात जात होता, हे नक्की. त्या घरात कुणीतरी आपल्याकडची ही वस्तू हौसेने ठेवली होती.

पॉम्पेईत सापडलेले मृत हजाराच्या थोडे वर आहेत. लोकवस्ती त्याच्या कितीतरी पट होती. म्हणजे पुष्कळ लोक वेळेत बाहेर पडले आणि आसपासच्या गावांत पुन्हा वसले. अभ्यासकांनी नावांवरून त्यांचा माग काढलाय. शहर गेलं, पण माणसं पुढे राहिली, आणि जिथे गेली तिथे पुन्हा शेजार जुळला असणार.

आपल्या सोसायटीलाही पंचवीस वर्षं झाली. भिंतींना भेगा पडतील, त्या वेळेत बुजवू. शेजार मात्र असाच राहू दे. सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!