गटेची शिफारस

१९८५ सालच्या मे महिन्यांत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ग्रंथपरीक्षणाच्या पुरवणींत केन टकर यांचा एक लेख आला. ज्या पुस्तकाविषयीं तो होता तें पुस्तक त्या वेळीं पुस्तकरूपानें अस्तित्वांतच नव्हतें. आर्ट स्पीगेलमन व त्यांच्या पत्नी फ्रान्स्वाज मूली हीं दोघें 'रॉ' नांवाचें एक नियतकालिक पदरमोड करून काढीत, आणि त्यांत १९८० पासून 'माऊस' ही चित्रकादंबरी एकेका प्रकरणानें येत होती. ज्यूंना उंदीर व नाझींना मांजरें कल्पून आपल्या बापाची छळछावणींतील हकीकत सांगणारें हें काम अनेक प्रकाशकांनीं परत केलें होतें. टकर यांच्या लेखानें सुशिक्षितांचें लक्ष तिकडे वळलें. पुढच्याच वर्षीं पँथिऑन या संस्थेनें पूर्वार्ध छापला, आणि १९९२ सालीं त्या कृतीला पुलित्झर पारितोषिक मिळालें.

चित्रांतून सांगितलेल्या गोष्टीला एखादा जाणता वाचक भेटावा आणि त्याच्या एका शब्दानें तिला जगांत पाऊल टाकण्याचें धैर्य यावें, हा प्रकार मात्र नवा नाहीं. या वाङ्मयप्रकाराचा आरंभच अशा एका शब्दानें झाला, आणि तो शब्द महाकवि गटेचा होता.

रोडोल्फ टोप्फर १७९९ सालीं जिनीव्हा येथें जन्मला. बाप नांवाजलेला चित्रकार. मुलानेंही तीच वाट धरावयाची, पण नेत्रविकारानें तो बेत मोडला आणि त्यानें शिक्षकाचा पेशा पत्करला. १८२४ सालीं त्यानें स्वतःची एक वसतिशाळा काढली. रंग सुटले तरी रेघ हातांत राहिली होती. आपल्या विद्यार्थ्यांच्या व मित्रांच्या करमणुकीसाठीं तो लेखणीनें चित्रांच्या वह्याच्या वह्या भरूं लागला. एका पानावर दोनतीन चित्रें, खालीं एकदोन ओळी, आणि पान उलटलें कीं गोष्ट पुढें सरकलेली. १८२७ सालीं काढलेल्या 'मॉस्यू व्ह्यू ब्वा' या वहींतला प्रौढ प्रेमवीर निराशेनें तुळईला गळफास लावून घेतो, पण दोर लांब निघतो. तेवढ्यांत प्रियेचा आवाज कानीं येतांच तो तुळईसकट रस्त्यावर धांवत सुटतो. हा सगळा आचरटपणा खरा, पण त्या धांवण्यांत जो वेग आहे तो एकट्या चित्रांत नाहीं आणि एकट्या शब्दांतही नाहीं.

या वह्या छापण्याचा विचार टोप्फरच्या मनांत नव्हता. त्या हातोहात फिरत. असाच एक हात फ्रेडरिक सोरे याचा. हा मूळचा जिनीव्हाचा, पण वायमारच्या दरबारांत राजपुत्राचा शिक्षक असून गटेच्या घरीं त्याचें नित्य जाणेंयेणें असे. १८३० सालच्या ऑक्टोबरांत गटेचा एकुलता मुलगा रोम येथें वारला होता, आणि पुढच्याच महिन्यांत म्हातारा स्वतः आजारांतून कसाबसा उठला होता. अशा वेळीं सोरेनें 'डॉक्टर फेस्टस'ची वही त्याच्यापुढें ठेवली. एरव्हीं व्यंगचित्रांविषयीं गटेचें मत कांहीं चांगलें नव्हतें. ही वही मात्र त्याला इतकी रुचली कीं एका बैठकीला दहाच पानें पाहावीं, मग थांबावें, नाहीं तर कल्पनांचें अजीर्ण होईल, असें तो म्हणे. टोप्फरनें राबेलेचें अनुकरण केलें आहे असें कोणीसें म्हटलें होतें. त्यावर, हा माणूस सर्वस्वीं आपल्याच पायांवर उभा आहे असा निकाल त्यानें दिला. १८३१ सालच्या जानेवारींतील हीं बोलणीं एकरमानच्या संभाषणग्रंथांत नमूद आहेत.

त्याच बोलण्यांत गटेनें एक अटही घातली होती: या मनुष्यानें याहून कमी पोरकट विषय घेतला तर तो कल्पनेपलीकडचें काम करील. येथें महाकवीशीं आमचें जमत नाहीं. टोप्फरनें हा सल्ला ऐकला असता तर तुळई ओढीत धांवणारा व्ह्यू ब्वा आपल्या हातीं आला नसता, एखादें सद्बोधपर चित्रपुस्तक तेवढें आलें असतें. शिफारस करणाऱ्याला आवडलेली वस्तु आणि त्याला आवडावीशी वाटणारी वस्तु या पुष्कळदां निराळ्या असतात.

सोरेनें हें सर्व जिनीव्हास कळविलें. १८३२ सालच्या मार्चांत गटे निवर्तला. पण त्याच्या 'कला व प्राचीनता' या नियतकालिकाचा शेवटचा अंक त्याच्या पश्चात् निघाला, आणि त्यांत टोप्फरच्या वह्यांविषयीं लेख आला. न छापलेल्या चित्रकथांचें हें परीक्षण बहुधा पहिलेंच. टोप्फरला धीर आला. १८३३ सालीं 'मॉस्यू जाबो' ही बड्या लोकांत घुसूं पाहणाऱ्या एका नटव्याची कथा त्यानें स्वतःच छापून घेतली. तेलकट शाईनें खास कागदावर काढलेली आकृति दगडावर उतरवावयाची, म्हणजे अक्षरेंही उलटीं येत नाहींत व रेघही मूळची राहते, ही पद्धत त्यानें योजिली. पण तो आतां जिनीव्हाच्या अकादमींत प्राध्यापक झालेला! प्रतिष्ठेची भीति गटेच्या शिफारशीहून प्रबळ ठरली, आणि छापलेल्या प्रती विक्रीस न जातां १८३५ पर्यंत पडून राहिल्या.

१८३७ सालीं जिनीव्हाच्या एका मासिकांत 'जाबो'वर टीप आली ती खुद्द टोप्फरनेंच लिहिलेली. ग्रंथकारानेंच आपल्या ग्रंथाचें परीक्षण करावें हें आज कोणास रुचणार नाहीं. पण तेव्हां दुसरें कोण करणार होतें? या पुस्तकास काय म्हणावें, कादंबरी कीं चित्रसंग्रह, याचें नांवही ठरलेलें नव्हतें. शब्द काढले तर चित्रांचा अर्थ धूसर होतो, चित्रें काढलीं तर शब्दांना अर्थच उरत नाहीं, आणि दोहोंची मिळून कादंबरीसारखी एक निराळीच वस्तु होते, असें त्यानें त्यांत सांगितलें. चित्रकादंबरीचें याहून नेमकें लक्षण पुढच्या पावणेदोनशे वर्षांत आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं.

पुस्तकाचें नांव मात्र आतां जिनीव्हाबाहेर गेलें होतें, आणि कीर्तीमागून चोर आले. १८३९ सालीं पॅरिसच्या ओबेर या दुकानानें टोप्फरचीं तीन पुस्तकें दुसऱ्या हातांनीं पुन्हां काढवून बेधडक विकलीं. फ्रान्सांत जिनीव्हाच्या ग्रंथकाराचा हक्क कोणी मानीत नसे, त्यामुळें कायद्याचा इलाज नव्हता. त्या नकलांतील 'व्ह्यू ब्वा' १८४१ सालीं लंडनांत गेला आणि तेथें 'मिस्टर ओबडाया ओल्डबक' झाला. १४ सप्टेंबर १८४२ रोजीं न्यूयॉर्कच्या 'ब्रदर जोनाथन' या पत्रानें तोच आपल्या जादा अंकाच्या रूपानें वाचकांस दिला. अमेरिकेंत छापलेलें पहिलें चित्रकथेचें पुस्तक म्हणून आज संग्राहक त्या अंकाच्या शोधांत असतात. टोप्फर त्यानंतर चार वर्षांनीं, १८४६ सालीं वारला. न्यूयॉर्कच्या त्या अंकांत त्याचें नांव नाहीं.