ब्रॅडफर्डहून घरी आलेला फोटो (थ्रेड)

१/ अंगात सूट, गळ्यात टाय, खिशाला पेन, मनगटावर घड्याळ आणि नजर थेट कॅमेऱ्याकडे. १९५० आणि १९६०च्या दशकांत इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरातून असे फोटो पंजाब, मीरपूर आणि सिल्हेटमधील घरी पाठवले जात. त्या फोटोंची ही गोष्ट.

२/ मॅनिंगहॅम लेनवरचा बेल व्ह्यू स्टुडिओ १९२६ साली सुरू झाला. पुढे टोनी वॉकर यांनी तो चालवला आणि १९७५ मध्ये तो बंद झाला. जुना लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेटा आणि दिवसाचा उजेड ही पद्धत वॉकर यांनी जपली. मायदेशातील स्टुडिओंसारखीच ही भारदस्त, पूर्णाकृती छायाचित्रे असत.

३/ ग्राहकांत लोकरीच्या गिरण्यांतील कामगार मोठ्या संख्येने होते. अनेकांच्या वाट्याला रात्रपाळी येई. कुणाचे गाव फाळणीने हिरावले होते. मीरपूर भागात १९६७ साली पूर्ण झालेल्या मंगला धरणाने एक लाखाहून अधिक लोकांना विस्थापित केले. त्यांपैकी अनेक जण ब्रिटनला गेले.

४/ या फोटोंत गिरणीचा धुरळा नाही, दाटीवाटीची खोली नाही. मग हे फोटो खोटे म्हणायचे का?

५/ माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. हा फोटो म्हणजे पत्र होते. जिथे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, तिथेही फोटो आईला स्वतः ‘वाचता’ येत असे. ‘मी सुखरूप आहे, काळजी करू नका’ एवढाच त्यातला मजकूर. तो माणूस कसा जगत होता यापेक्षा घराने काय मानावे अशी त्याची इच्छा होती, याचा हा पुरावा आहे.

६/ १९६२च्या कॉमनवेल्थ इमिग्रंट्स कायद्याने ब्रिटनची मोकळी ये-जा संपवली. काही वर्षे कमवून परतण्याचा बेत अवघड झाला. बायका-मुले तिकडे येऊ लागली. स्टुडिओतल्या एकट्या पुरुषाशेजारी हळूहळू कुटुंब उभे राहिले. ‘घर’ या शब्दाचा पत्ता बदलला, तो असा.

७/ स्टुडिओच्या सुमारे १७,००० निगेटिव्ह बचावल्या. आज त्या ब्रॅडफर्डच्या संग्रहालयांकडे आहेत. मात्र बहुतेक चेहऱ्यांना नावे नाहीत. म्हणून अभ्यासकांना ते फोटो घेऊन पुन्हा लोकांकडेच जावे लागले: यांना कुणी ओळखते का?

८/ म्हणजे या इतिहासाचे दोन तुकडे आहेत. चेहरा ब्रॅडफर्डच्या काचेवर आहे. नाव मात्र हजारो मैलांवरच्या एखाद्या ट्रंकेत, फोटोच्या पाठीवर किंवा कुणा वृद्धाच्या आठवणीत आहे. पहिला तुकडा जतन झाला. दुसरा दरवर्षी थोडा थोडा नाहीसा होतो आहे.

९/ आपल्या घरच्या जुन्या फोटोंचेही तेच आहे. सांगणारे माणूस घरात आहे तोवर त्यांच्यापाशी बसा. फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल लिहा. पेन्सिलीने, हलक्या हाताने. (समाप्त)