नाटकाचा खर्च कोण करतो?

दिवाळी सरली आणि धान कापून घरात आले की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांचा धानाचा व झाडीचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. पूर्वी हे जिल्हे दोनच होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला व १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया. सरकारी नकाशा बदलला, पण नाटकाचा नकाशा होता तसाच राहिला. अजूनही थंडीच्या दिवसांत गावोगाव मंडप पडतात, माणसे घोंगडी-चादरी घेऊन जमतात आणि रात्री सुरू झालेला खेळ कोंबडा आरवेपर्यंत चालतो.

या नाटकांतील गाण्यांविषयी व विनोदाविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु घर चालविणाऱ्या बाईला जो प्रश्न आधी सुचतो, तो मात्र फारसे कोणी विचारीत नाही. या सगळ्याचा खर्च कोण करतो? मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मारिकेसाठी चार ओळी लिहाव्या अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा हाच विषय घ्यावा असे मी ठरविले.

कलावंताला पोट असते. त्याला कोणीतरी दिल्यावाचून कला चालत नाही. मराठी नाटकाचा जन्मच पाहा. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हा खेळ केला, तो सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव वारले व तो आश्रय सुटला. मग भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले, आणि १८५३ साली त्यांनी मुंबईस तिकीट लावून खेळ केले. राजाचा आश्रय मोठा खरा, पण तो एका माणसाच्या आयुष्याला बांधलेला असतो, हे यावरून दिसते.

पुढे राजांच्या जागी सरकारे आली. इंग्लंडात १९४६ साली कलांना सरकारी पैसा देणारे मंडळ स्थापन झाले. आपल्याकडे १९५३ साली दिल्लीस संगीत नाटक अकादमी सुरू झाली. या संस्थांनी पुष्कळ चांगले काम केले, यात शंका नाही. परंतु अर्ज, शिफारस आणि शिक्का यांची वाट आपल्या झाडीतून फार लांबची पडते. दिवसा धान कापणारा व रात्री तोंडाला रंग लावणारा माणूस त्या वाटेने कधी जावा?

झाडीपट्टीने तिसरीच वाट धरली. राजा नाही, सरकार नाही, तर गावाने स्वतःच कलावंताला पोसावे. आधी गावातलीच माणसे दंडार व खडी गंमत करीत. पुढे संगीत नाटक आले व हौशी मंडळे उभी राहिली. त्यानंतर वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे नाटक कंपन्यांचे ठाणे झाले. वडशाला रेल्वे आहे, चारी बाजूंच्या गावांना ते सोयीचे आहे, म्हणून कंपन्यांची कार्यालये तेथेच थाटली गेली.

व्यवहार असा चालतो. गावातील मंडळ हंगामाच्या आरंभी वडशास जाते, नाटक पसंत करते, रक्कम ठरविते व इसार देऊन तारीख पक्की करते. मंडप, विजेची सोय आणि नटमंडळींची जेवणे गावाकडे. तिकीटविक्रीचे पैसे मंडळाकडे. त्यांतून कंपनीचे देणे दिल्यावर जे उरेल ते देवळाला, शाळेला किंवा गावच्या एखाद्या कामाला लागते. तूट आली तर मंडळातील माणसे आपल्या खिशातून भरतात. एखाद्या वर्षी पीक बुडाले की तिकिटे कमी खपतात. म्हणजे आपल्या नाटकाचा खरा आश्रयदाता धानाचे शेत होय!

नाटकाच्या उत्पन्नातून लोककार्य करण्याची रीत थोरामोठ्यांनीही पाळलेली आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास दिले गेले. तो एक प्रयोग शंभर वर्षांनंतरही सांगितला जातो. आपल्या खेड्यांत तेच दरवर्षी घडते व कोणी लिहून ठेवीत नाही.

या व्यवहाराला आणखी एक आधार होता, तो शंकरपटाचा. दिवसा बैलजोड्यांचा पट व रात्री नाटक अशी जोडी अनेक गावी असे. पटासाठी आलेले पाहुणे रात्री नाटकाला थांबत. लेकीबाळी माहेरी येत, सोयरिकीची बोलणीही त्याच गर्दीत होत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. मुक्या जनावरांचे हाल होऊ नयेत हे कोणीही मान्य करील. परंतु जेथे पटाच्या गर्दीवर नाटकाची भिस्त होती, तेथे तो आधार गेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. मधल्या काळात, २०२० साली, करोनाची साथ आली. गर्दी करणेच गुन्हा झाला, तेव्हा गर्दीवर जगणाऱ्या नटांनी काय करावे? राजाश्रय राजाबरोबर जातो, तसा लोकाश्रय गर्दीबरोबर जातो.

तरीही गावाच्या पैशाने जे घडले ते थोडे नाही. सिंदेवाही तालुक्यातील नवरगावच्या व्यंकटेश नाट्य मंडळाचे नाव आपणांस परिचित आहे. तेथील श्री. सदानंद बोरकर यांच्या 'माझं कुंकू मीच पुसलं' या नाटकाने कितीतरी आयाबहिणींना रडविले. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे श्री. परशुराम खुणे यांनी आपल्या विनोदाने या मुलखाला हसविले. सरकारी माहितीप्रमाणे त्यांनी सुमारे ८०० नाटकांत कामे केली व ५००० हून अधिक प्रयोग केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दिल्लीचा मान फार उशिरा आला. गावाने त्यांना आपल्या तिकिटांनी कितीतरी आधी मानले होते. जो पैसा देतो त्याचे ऐकावे लागते, म्हणून या नाटकांत आपल्याच घरची दुःखे येतात. दारू, हुंडा, सावकारी, भावाभावांचे वाटे असे विषय येतात व आपली झाडीबोली रंगमंचावर मानाने बोलली जाते.

मात्र गावाच्या या हिशेबात दोन गोष्टी लिहिलेल्या नसतात, आणि त्या सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट आपली, बायकांची. नाटकाच्या रात्री घरोघर पाहुणे असतात. नटमंडळींचा भात, वरण, वांग्याची भाजी कोण रांधते? आलेल्या नटींच्या निजण्याबसण्याची सोय कोण पाहते? पूर्वी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. पुढे नागपूर व इतर गावांहून स्त्रिया काम करण्यास येऊ लागल्या. रात्रीच्या वेळी परक्या गावी आलेल्या त्या बाईला एका घरचे दार आपुलकीने उघडते, हाही आश्रयच होय. मंडळाच्या जमाखर्चात मंडपाचा बांबू लिहिला जातो, पण चुलीपाशी गेलेली रात्र लिहिली जात नाही. तिचे पैसे मागावे असे माझे म्हणणे नाही. परंतु जी खर्चात भागीदार आहे, तिला कोणते नाटक आणावे हे ठरविताना मत असावे, एवढे तरी न्यायाचे आहे. आज गावातील कितीशा नाट्यमंडळांत बाई सभासद आहे?

दुसरी गोष्ट म्हाताऱ्या कलावंताची. गाव रात्रीचे पैसे देते, म्हातारपणाचे देत नाही. आवाज बसला, गुडघे दुखू लागले की नटाला बोलावणे येत नाही. येथे मात्र सरकारची वाट उपयोगी आहे. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची महाराष्ट्र शासनाची योजना १९५४-५५ पासून चालू आहे व २०२४ साली तिचे मानधन दरमहा ५००० रुपये झाले. अडचण पुराव्याची आहे. इतकी वर्षे कला केली याचे कागद मागितले जातात. दंडारीत नाचणाऱ्याने किंवा मागे बसून पेटी वाजविणाऱ्याने कागद कोठून आणावे? ज्या नाटकाची जाहिरात पावसात भिजून गेली, त्याची साक्ष कोण देणार?

भगिनींनो, येथे आपल्या मंडळाला करण्यासारखे काम आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. एक जाड वही घालावी. आपल्या व आसपासच्या गावांत जे नाटक होईल त्याची तारीख, कंपनीचे नाव, कामे करणाऱ्यांची व वाजविणाऱ्यांची नावे तीत लिहावी. नाटकाची पत्रके जपून चिकटवावी. जुन्या माणसांना विचारून मागची वर्षेही जमतील तेवढी भरावी. आपल्यांत ज्या मुली शिकलेल्या आहेत त्यांनी वृद्ध कलावंतांचे अर्ज भरून द्यावे. घरात तांदळाचा, तेलाचा हिशेब ठेवणाऱ्या आपण, एवढा हिशेब आपणांस जड जाणार नाही.

राजाने दिले, सरकारने दिले, गावाने दिले, पण यांपैकी एकाच्याच देण्याने कलावंताचे सारे आयुष्य निभत नाही. गावाने रात्र सांभाळावी व सरकारने म्हातारपण सांभाळावे. या दोहोंच्या मध्ये जी विसरभोळेपणाची फट राहते, ती बुजविण्याचे काम मंडळाने या वर्षीच्या पहिल्या नाटकापासून हाती घ्यावे, अशी सर्वांस नम्र विनंती आहे.