हैबतबाबांची दिंडी

वारकरी म्हटला कीं टाळमृदंगाचा गजर आणि नाचणारीं पावलें डोळ्यांपुढें उभीं राहतात. प्रेमाच्या भरांत देहभान हरपलेला समुदाय, अशीच त्याजविषयीं सुशिक्षित समाजाची सामान्य समजूत. ती अर्धीच खरी आहे. आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी-सोहळ्यास ज्या पुरुषानें घडी घालून दिली, त्याचा पूर्वायुष्यांतला धंदा शिपाईगिरीचा होता.

हैबतराव बाबा हे सातारा प्रांतांतील आरफळ गांवचे. ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरीं चाकरी करून ते परतले आणि आळंदीस ज्ञानदेवांच्या समाधीपाशीं राहिले. वाटेंत लुटारूंच्या हातीं सांपडले असतां हरिपाठाच्या अखंड पठणामुळें त्यांची सुटका झाली, अशी कथा सांप्रदायिक सांगतात. पालखीची प्रथा त्याहून जुनी आहे. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनीं ती इ. स. १६८५ मध्यें सुरू केली. त्या वेळीं तुकोबा आणि ज्ञानोबा दोघांच्याही पादुका एकाच पालखींतून जात. पुढें देहूकर वंशजांत मानपानाचे तंटे उद्भवले, तेव्हां १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनीं ज्ञानदेवांची पालखी निराळी काढली. अंकलीचे सरदार शितोळे यांनीं घोडे आणि तंबू देऊन साह्य केलें.

या वैभवापेक्षांही सोहळ्याची रचना अधिक विचार करण्याजोगी आहे. दिंडी म्हणजे वाटेनें चाललेला जमाव नव्हे. पुढें पताकाधारी, त्यांमागें रांगेनें टाळकरी, मध्यें मृदंग, त्यामागें वीणेकरी आणि मग तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया, असा तिचा क्रम असतो. रथाच्या पुढें कोणी चालावें व मागें कोणी, हेंही ठरलेलें. अभंगांचेंही तसेंच आहे. पहांटे काकडा, मग भूपाळ्या, पुढें वासुदेव, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग. वेळ आणि क्रम दोन्हीं बांधलेलीं. चाल वीणेकऱ्याच्या अनुरोधानें धरावयाची, आपल्या लहरीनें नव्हे. ज्याचा गळा गोड त्यालाच हा नियम अधिक जड जातो, हें उघड आहे. आणि त्याच्यासाठींच तो अधिक हितकर.

या शिस्तीची कसोटी सायंकाळीं मुक्कामावर लागते. समाज-आरतीसाठीं सर्व दिंड्या पालखीभोंवतीं वर्तुळाकार उभ्या राहतात. शेंकडों टाळ एकाच वेळीं वाजत असतात. चोपदार दंड उंच करून आरोळी देतो आणि तो कल्लोळ क्षणांत थांबतो. मात्र एखाद्या दिंडीची कांहीं तक्रार असेल तर ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्यापाशीं जातो, गाऱ्हाणें ऐकतो, निवाडा होतो, तेव्हां ते टाळही शांत होतात. मग हरवल्या-सांपडल्या वस्तूंची वार्ता व उद्यांच्या प्रस्थानाची वेळ सांगून आरती सुरू होते. ज्या वाद्यानें देवाचें नांव घ्यावयाचें, त्याच वाद्यानें अन्यायाची दादही मागावयाची, आणि तीही कोणास एक दुरुत्तर न बोलतां!

कोणी म्हणेल, हा लष्करी शिस्तीचा संस्कार शिपायानें भक्तीवर लादला. तसें म्हणतां येणार नाहीं. तुळशीची माळ गळ्यांत पडली कीं मद्यमांस वर्ज्य, एकादशीचा उपवास, परस्त्री मातेसमान, वर्षाची वारी न चुकविणें, हे निर्बंध वारकऱ्यावर हैबतबाबांच्या पूर्वींपासूनच होते. जेथें कीर्तन करावें तेथें द्रव्य घेऊं नये, हा दंडकही जुनाच. तो पाळणारे किती, हा प्रश्न निराळा. त्याच दंडकाच्या रक्षणासाठीं जोग महाराजांनीं १९१७ मध्यें आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तरुणपणीं कुस्तीचा नाद असलेल्या या ब्रह्मचारी पुरुषानें कीर्तनकार होऊं पाहणाऱ्यांस आधीं अध्ययनास बसविलें. हैबतबाबांनीं नवें केलें तें इतकेंच कीं, एकेकट्याचा हा संयम त्यांनीं हजारोंच्या चालण्यांत आणि गाण्यांत उतरविला.

आळंदीच्या महाद्वारांत हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिक वद्यांतील समाधि-सोहळ्याचा आरंभ आजही तिच्याच पूजनानें होतो.